अख्ख्या घराचं आधार तुमच्या फोनमध्ये

आपल्यापैकी बहुतेक जण घरचं बिनपगारी आयटी डिपार्टमेंट आहोत. विजेचं बिल भर, आजोबांचा हयातीचा दाखला काढ, गॅसचं केवायसी कर, मामाला रेल्वेचं तिकीट काढून दे. या कामांच्या निमित्ताने सगळ्यांचं आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान आपल्या गॅलरीत येऊन पडतं. काम होतं, फोटो तिथेच राहतो. जरा गॅलरीत मागे मागे जाऊन बघा, ट्रेकच्या आणि फ्रेशर्स पार्टीच्या फोटोंमधून अख्खं खानदान बाहेर येईल.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. कुणाच्या तरी नावावर भलत्यानेच कर्ज काढलं, सिम घेतलं अशी बातमी आली की आपण लगेच आई-बाबांवर घसरतो. ‘तुम्ही कुठल्याही लिंकवर क्लिक करता!’ पण कित्येक घरांत आई, बाबा आणि आजी, तिघांच्याही आधारला मुलाचा नाहीतर मुलीचाच नंबर जोडलेला असतो. कारण ओटीपी वाचायचं काम त्यांचंच. लोकलच्या गर्दीत हा एक फोन मारला गेला, की चौघांची ओळख एकदम चोराच्या हाती. स्क्रीन लॉक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे यायला लागतात. सिमलाही स्वतःचा पिन लावता येतो, सेटिंगमध्ये सोय असते. फक्त कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि पीयूके नंबरसाठी कंपनीच्या मागे लागावं लागतं.

मग येतो झेरॉक्सवाला. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला... प्रवेशाच्या दिवसांत आपण बाबांचं पॅन आणि आईचं आधार त्याच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतो, प्रिंट घेतो आणि निघतो. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. तो भला माणूस असेलही, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कोण कोण बसतं, कुणास ठाऊक. समोर उभं राहून फाइल डिलीट करायला सांगायची. आपल्याला त्याची लाज वाटते, हीच खरी अडचण आहे.

दोष एकट्या झेरॉक्सवाल्याचा नाही. होस्टेल, लॉज, भाड्याची खोली, सगळ्यांना आधारची प्रत हवी असते आणि ती कुठल्या कपाटात जाते हे कुणी सांगत नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. दोनच दिवसांत, २९ मेला, सरकारने ते मागे घेतलं. गैरसमज होऊ शकतो म्हणे, लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगली की पुरे. सल्ला शहाणपणाचा होता, तो मागे घ्यायला नको होता असं माझं मत आहे. मास्क्ड आधार आजही प्राधिकरणाच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतं. पूर्ण प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला.

याने होतं काय? फेब्रुवारी २०२२मध्ये सनी लिओनीने ट्विट केलं की तिच्या पॅनवर कुणीतरी दोन हजारांचं कर्ज काढलंय. एप्रिलमध्ये राजकुमार राव म्हणाला, त्याच्या पॅनवर अडीच हजारांचं. दोघांनाही आकडा किरकोळ, पण त्याने क्रेडिट स्कोअर खराब होतो. सेलिब्रिटीने ट्विट केलं की यंत्रणा हलते. आपल्या बाबांना हे कळतं ते थेट बँकेत, आणि बऱ्याचदा आपल्याच शैक्षणिक कर्जाच्या वेळी. सहकर्जदार म्हणून सही त्यांची असते आणि स्कोअरही त्यांचा पाहिला जातो. न काढलेल्या अडीच हजारांपायी आपलं अ‍ॅडमिशन लटकू शकतं.

हे आधी कळायची सोय आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७पासून आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला की वर्षभर पहारा झाला. सिमचंही तसंच. रस्त्याकडेला छत्रीखाली सिम विकणारा ‘अंगठा नीट उमटला नाही, परत द्या’ म्हणतो, तेव्हा तुमच्या नावावर दुसरं सिमही सुरू झालेलं असू शकतं. संचार साथी पोर्टलवर नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरच्या सिमची यादी दिसते. आईचीही बघा.

अवघड प्रकरण आहे आजीचं. श्रावणबाळ योजनेचे पैसे ती गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून काढते. या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. आणि ठसे चोरीला जातात. २०१८मध्ये तेलंगणात एका सिमविक्रेत्याने जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे उतरवून रबराचे अंगठे बनवले होते. एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं आणि शहरात राहणाऱ्या आई-बाबांचं ते करून टाकावंच. पण आजीचं परस्पर केलंत, तर रेशन दुकानातही तिचा अंगठा चालणार नाही आणि ती बिचारी दारातून परत येईल. लॉक तात्पुरतं उघडता येतं, पण तेवढ्यासाठी तिने पुण्यातल्या नातवाला फोन करायचा आणि त्याने लेक्चर सोडून तो उचलायचा, हे जमणार आहे का, ते दोघांनी आधी बसून ठरवावं.

एवढं करूनही घोळ होऊ शकतो. तेव्हा वेळ महत्त्वाची. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करायचा, पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना आपली असेल आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पण हे तीन दिवस बऱ्याच घरांत गप्प बसण्यात जातात. बाबा सांगत नाहीत, कारण पोरगं ओरडेल. आई म्हणते, रविवारी ताई आली की बघू. तोवर पैसे तीन-चार खात्यांतून फिरून गेलेले असतात. म्हणून ‘कुणाला दिलं होतंस आधार?’ हा प्रश्न दोन दिवसांनी विचारला तरी चालेल. आधी १९३० लावून फोन त्यांच्या हातात द्या.