देव रागावतो की दुखावतो?

"असं केलंस तर देव रागवेल!" मंडळी, हे वाक्य आता पुरे. इफिसकरांस पत्रात (४:३०) पौल पवित्र आत्म्याला दुखवण्याबद्दल बजावतो, रागावण्याबद्दल नाही. पुढच्याच ओळीत यादी आहे: कडूपणा, संताप, निंदा, दुष्टपणा. उपासनेला दांडी मारणं त्यात नाही! सगळं माणसाने माणसाशी वागण्याबद्दल.

रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. आणि आपण बाप्तिस्मा झालेले? सोयरीक जुळवताना हळूच विचारतोच, "मूळचे कोण?" दिघी-आगरदांडा फेरीबोटीत शेजारी बसलेलं चालतं, सून म्हणून चालत नाही.

रागावतो कुणीही. दुखावतो तो प्रेम करणारा. त्यालाच आपण दुखवतोय, तेही देवाचं नाव घेऊन.