अमिरातीतला कामगार कायदा: नोकरी करणाऱ्यांसाठी आणि नोकरीवर ठेवणाऱ्यांसाठीही



संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कामगार कायदा बहुधा दोनदाच आठवतो. एकदा नोकरी बदलताना आणि एकदा नोकरी जाताना. एरवी ऑफर लेटरवर सही करून आपण ते कपाटात ठेवून देतो. गेल्या काही वर्षांत मात्र इथले नियम इतके बदलले आहेत की जुन्या ऐकीव माहितीवर विसंबून राहणे महाग पडेल. "पाच वर्षे झाल्याशिवाय राजीनामा देऊ नको, ग्रॅच्युइटी बुडेल" हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो. तो आता खरा राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट. सत्तरच्या दशकापासून रत्नागिरी-रायगडकडची माणसे आखातात कामगार म्हणून आली. त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईचे इंजिनियर, अकाउंटंट, नर्स आले. आज आपल्यातच दुकानदार आहेत, केटरिंगवाले आहेत, छोट्या कंपन्यांचे मालक आहेत. घरी कामाला ताई ठेवणारी कुटुंबे तर कितीतरी. म्हणजे हा कायदा आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो. म्हणून या लेखात दोन्ही बाजू पाहू.

जुना कायदा गेला, नवा आला

१९८० चा संघीय कायदा क्रमांक ८ चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच्या जागी २०२१ चा संघीय कायदा क्रमांक ३३ आला आणि तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. खाजगी क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या यात येतात. दुबईचे डीआयएफसी आणि अबू धाबीचे एडीजीएम ही दोन आर्थिक केंद्रे वेगळी, त्यांचे स्वतःचे नोकरीचे कायदे आहेत. बाकीच्या फ्री झोनमध्ये कागदपत्रे झोनच्या कार्यालयातून होतात, पण मूळ कायदा हाच.

जुन्या कायद्यात 'लिमिटेड' आणि 'अनलिमिटेड' असे दोन करार होते. अनलिमिटेड करारावर असताना एक ते तीन वर्षांत राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीचा एक तृतीयांश भाग मिळे, तीन ते पाच वर्षांत दोन तृतीयांश, आणि पाच वर्षांनंतर पूर्ण. लिमिटेड करार मुदतीआधी आणि पाच वर्षांच्या आत मोडला तर काहीच मिळत नसे. नव्या कायद्याने ही कपात काढून टाकली. एक वर्ष पूर्ण झाले की तुम्ही राजीनामा द्या किंवा कंपनी तुम्हाला काढो, हिशोब एकच. अनलिमिटेड करारही बंद झाले. सगळे करार आता मुदतीचे असतात आणि त्यांचे नूतनीकरण करता येते.

ग्रॅच्युइटीचे गणित

पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार. त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. बिनपगारी रजेचे दिवस यातून वजा होतात.

इथे 'बेसिक' हा शब्द फार महत्त्वाचा. समजा दोघांचा पगार महिना १०,००० दिरहम आहे. एकाच्या करारात बेसिक ४,००० आणि बाकीचे घरभाडे, वाहतूक वगैरे भत्ते. दुसऱ्याच्या करारात बेसिक ६,०००. दोघांनी आठ वर्षे काम केले. पहिल्या पाच वर्षांचे साडेतीन महिने आणि पुढच्या तीन वर्षांचे तीन महिने, म्हणजे साडेसहा महिन्यांचा बेसिक पगार. पहिल्याला २६,००० दिरहम मिळतील, दुसऱ्याला ३९,०००. महिन्याला खात्यात जमा होणारा पगार तोच, पण शेवटी १३,००० दिरहमचा फरक. नोकरी घेताना आपण एकूण आकडा पाहून खूश होतो. बेसिक किती ते सही करण्यापूर्वी विचारा. सही झाल्यावर विचारून फारसा उपयोग नसतो.

नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळे येणे चुकते करणे मालकावर बंधनकारक आहे. २०२४ च्या दुरुस्तीने दावा करण्याची मुदत एक वर्षावरून दोन वर्षे केली, तीही नोकरी संपल्याच्या तारखेपासून. आणि २०२४ च्या सुरुवातीपासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर कामगार मंत्रालयच निर्णय देते, त्यामुळे प्रत्येक लहान भांडणासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

पण हे पैसे असतात कुठे?

खरी काळजीची बाब ही आहे. भारतात प्रॉव्हिडंट फंड दर महिन्याला वेगळ्या खात्यात जमा होतो. इथे बहुतेक कंपन्यांत ग्रॅच्युइटी हा फक्त हिशोबाच्या वहीतला आकडा असतो. कंपनी चालू आहे तोवर ठीक. कंपनी बसली तर? दुबईतल्या अरबटेक या मोठ्या बांधकाम कंपनीच्या भागधारकांनी सप्टेंबर २०२० मध्ये कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा हजारो कामगारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

मालक पैसे देऊ शकला नाही तर कामगाराच्या हक्कासाठी २०१८ पासून विम्याची सोय आहे, पण त्याची कमाल मर्यादा माणशी २०,००० दिरहम. साध्या कामगाराला त्याचा मोठा आधार आहे. पंधरा वर्षे नोकरी केलेल्या, लाखभर दिरहम येणे असलेल्या माणसाला मात्र तो पुरत नाही.

यावर उपाय म्हणून दोन योजना आल्या. डीआयएफसीमध्ये फेब्रुवारी २०२० पासून मालकाला दर महिन्याला ठराविक रक्कम 'ड्यूज' नावाच्या बचत योजनेत भरावी लागते. बाकीच्या देशासाठी २०२३ मध्ये ऐच्छिक बचत योजना जाहीर झाली. तीत मालक पाच वर्षांपर्यंत बेसिकच्या ५.८३ टक्के आणि त्यापुढे ८.३३ टक्के भरतो. हे आकडे नीट पाहा. २१ दिवस भागिले ३६० म्हणजे ५.८३ टक्के, आणि ३० भागिले ३६० म्हणजे ८.३३. म्हणजे मालकावर जास्तीचा बोजा जवळपास नाही. फरक इतकाच की पैसे कंपनीच्या हातून बाहेर पडून कामगाराच्या नावावर फंडात जातात. फरक छोटा वाटतो, पण कंपनी बुडाल्यावर तोच सगळ्यात मोठा ठरतो. योजना ऐच्छिक आहे आणि त्यात जायचे की नाही हे मालक ठरवतो, हीच तिची कमजोरी. आपल्यातल्या मराठी उद्योजकांनी याचा जरूर विचार करावा. दर महिन्याला थोडे थोडे भरणे हे दहा जणांचे पैसे एकदम काढण्यापेक्षा धंद्यालाही सोपे जाते.

नोकरी गेली तर

१ जानेवारी २०२३ पासून नोकरी जाण्याविरुद्धचा विमा सक्तीचा झाला. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, त्याहून जास्त असेल तर १० दिरहम. हप्ता कामगाराने स्वतः भरायचा असतो. सलग १२ महिने भरलेला असेल आणि नोकरी आपल्या चुकीशिवाय गेली असेल, तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. पहिल्या गटाला महिना कमाल १०,००० आणि दुसऱ्याला कमाल २०,००० दिरहम. अर्ज ३० दिवसांच्या आत करावा लागतो. राजीनामा दिला तर मात्र काही मिळत नाही. म्हणूनच एचआरने "राजीनामा लिहून द्या, म्हणजे तुमच्या रेकॉर्डला बरे" असे सुचवले तर दोनदा विचार करा. त्या एका कागदाने विम्याचा हक्क जातो.

तीन महिन्यांत मुलांच्या शाळेची फी, घरभाड्याचे चेक, गाडीचा हप्ता यांचे काय होते हे वेगळे सांगायला नको. पण तेवढ्या दिवसांत दुसरी नोकरी शोधायला श्वास घेता येतो.

मालक म्हणून आपण

आता टेबलाची दुसरी बाजू. छोटा धंदा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायच्या मुख्य गोष्टी अशा:

१. कामगाराला आणण्याचा खर्च मालकाचा. व्हिसाचे किंवा भरतीचे पैसे पगारातून कापून घेणे बेकायदा आहे. गावाकडच्या ओळखीतल्या मुलाला आणताना "थोडे तू भर, थोडे मी" हा व्यवहारही त्यातच येतो.

२. पासपोर्ट कामगाराकडेच राहायला हवा.

३. पगार २००९ मध्ये सुरू झालेल्या पगार संरक्षण प्रणालीतून, म्हणजे डब्ल्यूपीएसमधून, बँकेमार्फत द्यायचा. रोखीने दिलेल्या पगाराचा पुरावा राहत नाही आणि त्यात दोघांचेही नुकसान आहे.

४. वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा. आजारपणाची रजा ९० दिवस: पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगाराचे, बाकी बिनपगारी. बाळंतपणाची रजा ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी. आई आणि वडील दोघांनाही ५ दिवसांची पालकत्व रजा.

५. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घेता येत नाही.

६. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाला "ट्रायल" म्हणूनही कामाला लावू नका. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय कामाला ठेवण्याचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम आहे.

७. आरोग्य विमा आता सगळ्या अमिरातींत सक्तीचा आहे. अबू धाबी आणि दुबईत तो आधीपासून होता, १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या उत्तरेकडच्या अमिरातींतही लागू झाला.

आणि घरातली ताई

घरकाम करणाऱ्यांना वरचा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी आधी २०१७ चा कायदा होता. त्याची जागा २०२२ च्या कायदा क्रमांक ९ ने घेतली आणि तो १५ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे आठवड्याला एक दिवस सुट्टी, रोज किमान १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ तास सलग, वर्षाला ३० दिवस रजा, दोन वर्षांतून एकदा घरी जाण्या-येण्याचे तिकीट, ३० दिवस आजारपणाची रजा आणि त्यातले १५ पगारी. पगार ठरल्या तारखेपासून १० दिवसांत द्यायचा. पासपोर्ट तिच्याकडे.

आपल्यातली बहुतेक कुटुंबे चांगुलपणाने वागतात यात शंका नाही. तरी "पासपोर्ट हरवेल, म्हणून आम्हीच सांभाळतो" आणि "सुट्टीच्या दिवशी ती जाणार कुठे, घरीच थांबते" ही वाक्ये आपल्याही घरांत ऐकू येतात. आपल्या कंपनीने आपला पासपोर्ट 'सांभाळायला' मागितला तर आपल्याला कसे वाटेल, एवढे स्वतःला विचारले तरी पुरे. सुट्टीच्या दिवशी ती घरी थांबली तरी तो दिवस तिचाच असायला हवा.

एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. शेजारच्यांच्या व्हिसावर असलेल्या बाईंना दोन तास आपल्याकडे कामाला बोलावणे हाही परवान्याशिवाय कामाला ठेवण्याचाच प्रकार. त्याचा दंड ५०,००० ते २ लाख दिरहम. अर्धवेळ मदत हवी असेल तर मंत्रालयाने मान्यता दिलेल्या तदबीर केंद्रांतून किंवा परवानाधारक कंपनीमार्फत घ्यावी. थोडे महाग पडते, पण झोप शांत लागते.

गावाकडून कोणाला आणायचे असेल तर भारताचेही नियम आहेत. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची अट असते आणि अमिराती त्या यादीत आहे. अशा पासपोर्टवर घरकामासाठी येणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० हवे, आणि सगळी प्रक्रिया सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेतून व्हायला हवी. व्हिजिट व्हिसावर आणून इथे 'करून घेऊ' असे सांगणारे एजंट आहेत. त्या वाटेने आलेल्या बाईंचे नाव कुठल्याच नोंदीत नसते. उद्या तिच्यावर संकट आले तर कोणत्या दाराशी जायचे हेही तिला कळत नाही.

शेवटी

हा देश आपल्याला सहसा नागरिकत्व देत नाही, पेन्शनही देत नाही. आपल्या आणि इथल्या भूमिपुत्रांच्या हक्कांत तो फरक राहणारच. म्हणून करारात लिहिलेले आणि कायद्याने दिलेले तेवढेच आपले. ते नीट माहीत असणे ही आपली पहिली बचत. या शुक्रवारी किंवा रविवारी थोडा वेळ काढून दोन कागद पाहा: आपल्या स्वतःच्या करारातला बेसिकचा आकडा, आणि आपल्याकडे काम करणाऱ्याच्या कराराची मुदत. दोन्ही ठिकाणी सारखाच हिशोब लावला तर परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाबद्दल लोक चांगलेच बोलतील.

अडचण आली तर आधी मंत्रालयाच्या मदत केंद्राशी बोला. भारतीयांसाठी दुबईच्या वाणिज्य दूतावासाचे प्रवासी भारतीय सहायता केंद्रही आहे. एखाद्या प्रकरणात मोठी रक्कम अडकली असेल तर परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्या. ओळखीच्यांच्या अनुभवावर मात्र निर्णय घेऊ नका, कारण त्यांचा अनुभव बहुधा जुन्या कायद्यातला असतो.