समजलं नाही, की ऐकलं नाही?

‘बाई चांगल्या आहेत हो, पण त्यांचं बोलणंच समजत नाही.’ परमुलखातून आलेल्या बाईबद्दल हे वाक्य आपण किती सहज खपवून घेतो! न समजण्याचा दोष बोलणारीचाच, हे जणू ठरलेलं. मला ते मान्य नाही.

अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना टेपवर व्याख्यान ऐकवलं. आवाज इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या अमेरिकन बाईचा. ही व्याख्याती म्हणून काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. टेप तीच, शब्द तेच. तरी आशियाई चेहरा पाहिलेल्यांना बोलण्यात परका हेल ऐकू आला, आणि व्याख्यान त्यांच्या लक्षातही कमी राहिलं. चेहरा बघितला आणि कान मिटले!

हेल खरोखर असला तर ऐकणाऱ्याला जास्त कष्ट पडतात, हे खोटं नाही. पण कष्ट पडणं वेगळं आणि न समजणं वेगळं. कॅनडातल्या मन्रो आणि डर्विंग यांच्या १९९५च्या अभ्यासात, ‘हेल फार जड आहे’ असा शेरा मारलेली वाक्यंसुद्धा ऐकणाऱ्यांनी कित्येकदा अचूक लिहून काढली होती. शिवाय कानाला सवय लवकर होते. २००४च्या एका अभ्यासात तर मिनिटभर ऐकल्यावरच फरक पडू लागला.

मला जास्त टोचतो तो शिकागो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांचा २०१०चा निष्कर्ष. ‘जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्यावाचून राहतो’ अशी साधी विधानं परक्या हेलात ऐकल्यावर लोकांना ती कमी खरी वाटली. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हे दिसलं नाही, हेही सांगायला हवं. पण ऐकायला पडलेले कष्ट आपण बोलणारीच्या खरेपणातून वजा करतो, ही शंका मला सोडत नाही.

कारण आपल्याकडे जिराफाची गोष्ट नसते, मारहाणीची असते. घरकाम करणारी नेपाळी किंवा बंगाली बाई तुटक हिंदीत सांगत असते. नवरा चार वर्षं आधी इथे आलेला, त्याची हिंदी सफाईदार. ठाण्यातल्या टेबलावर कुणाची हकिगत आधी ‘समजते’? परदेशी गेलेल्या आपल्या मुलींच्या इंग्रजीला कुणी नाक मुरडलं की आपण चिडतो. मग इथे का नाही?

सल्ला केंद्रांवर एवढं तरी सुरू करूया. कागद-पेन लगेच पुढे ओढायचं नाही. आधी दहा मिनिटं तिला गावाबद्दल, मुलांबद्दल बोलू द्यायचं. तेवढ्यात आपला कान तयार होतो. मग तक्रार लिहायची आणि तिला वाचून दाखवायची. दुभाषी लागलीच तर ती बाहेरची हवी, नवऱ्याच्या नात्यातली नको.