गादीवरचा नवा मुनीम

जुन्या पेढीवर मुनीम नेमताना मालक त्याचे अक्षर पाही, हिशेब पाही आणि तरीही कित्येक महिने त्याला गिऱ्हाइकाशी भाव बोलू देत नसे. मुनीम बोलेल तो पेढीचा भाव, हे बाजाराने मान्य केलेले सूत्र होते. तो चुकून कमी बोलला तर तोटा पेढीने सोसायचा. ‘ते मुनीम बोलले, मी नव्हे’ असे म्हणणाऱ्या मालकाची पत फार काळ टिकत नसे.

आज आपल्या घरांतील तरुण पिढी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवू लागली आहे. हा नवा मुनीम पगार मागत नाही, रात्री जागा असतो, आणि मराठी, हिंदी, गुजराती सारख्याच सफाईने लिहितो. त्याची परीक्षा मात्र कोणी घेतलेली नसते.

अशाच एका मुनिमाचे प्रकरण कॅनडात गाजले. नोव्हेंबर 2022 मध्ये आजीच्या निधनामुळे एका गृहस्थांना व्हँकुव्हरहून टोरांटोला जायचे होते. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तरयंत्राला त्यांनी अशा प्रसंगी मिळणाऱ्या सवलतीविषयी विचारले. आता पूर्ण भाडे भरा, तिकीट निघाल्यापासून 90 दिवसांत अर्ज केल्यास सवलत परत मिळेल, असे यंत्राने सांगितले. कंपनीचा नियम नेमका उलट होता: प्रवास झाल्यावर सवलत नाही. गृहस्थांनी यंत्राच्या उत्तराचे चित्र पुरावा म्हणून पाठविले. शब्द दिशाभूल करणारे होते, हे कंपनीने मान्य केले. पैसे मात्र दिले नाहीत. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा कंपनीने मांडलेल्या भूमिकेचा अर्थ न्यायाधिकरणाने असा लावला की, उत्तरयंत्र ही जणू स्वतंत्र व्यक्ती असून आपल्या बोलण्याला ती स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये हा युक्तिवाद फेटाळण्यात आला. संकेतस्थळावरील प्रत्येक शब्दाला, मग तो छापील पानावर असो वा यंत्राच्या तोंडी, कंपनीच जबाबदार आहे, असा निर्णय झाला. व्याज व शुल्कासह रक्कम होती सुमारे 812 कॅनेडियन डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीने एवढ्याशा रकमेसाठी आपला शब्द पणाला लावावा, याचे नवल वाटते.

यंत्र असे का बोलते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अफाट लेखन वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, एवढे ते शिकलेले असते. सत्य काय, हा प्रश्न त्या शिक्षणात थेट येतच नाही. ओपनएआय या कंपनीच्या संशोधकांनी 2025 मध्ये स्वतःच असे मांडले की, या यंत्रांच्या चाचण्यांमध्ये ‘मला ठाऊक नाही’ या उत्तराला शून्य गुण मिळतात, तर अंदाज बरोबर निघाल्यास गुण मिळतात. मग यंत्र परीक्षार्थी मुलासारखे अंदाज ठोकू लागते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आहे: दुसऱ्याने जे म्हटले नाही, ते त्याने म्हटले असे फसवणुकीसाठी लिहिणे. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारला डेलॉइट या जगद्विख्यात सल्लागार संस्थेने सुमारे 4 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या करारान्वये एक अहवाल दिला. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ आणि न्यायालयाच्या निर्णयातील म्हणून दिलेले एक बनावट अवतरण त्यात आढळले. सुधारित प्रतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरल्याची नोंद आली आणि संस्थेने मोबदल्याचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. यंत्राला फसवायचे नव्हते, हे खरे; त्याला हेतूच नसतो. परंतु न वाचता सही करणाऱ्याच्या प्रमादाचे काय? आपल्या परंपरेत कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन मार्ग मोजले जातात. यंत्राकडून लिहवून घेतलेले निदान ‘कारित’ तरी आहेच.

एका स्वाध्याय-मंडळात कोणी म्हणाले, यंत्राचे उत्तर हेही अनेकांतातील एक अंग मानावे. हे काही पटत नाही. स्याद्वाद असलेल्या वस्तूकडे अनेक अंगांनी पाहतो. नसलेला निकाल कोणत्याही अपेक्षेने असलेला होत नाही.

आता अचौर्याणुव्रताकडे वळू. त्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ येतो. खऱ्या मालात नकली मिसळणे, हा त्याचा व्यापाऱ्यांना परिचित अर्थ. आता माणसाचेच प्रतिरूप तयार होते. अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याला 2024 च्या आरंभी मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने गुप्त व्यवहाराचा संदेश आला. त्याला संशय आला होता. परंतु पुढे दृक्‌श्राव्य बैठकीत ओळखीचे चेहरे दिसले, ओळखीचे आवाज ऐकू आले आणि संशय मावळला. ते सारे चेहरे बनावट होते. पंधरा हप्त्यांत सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले.

आपले व्यवहार आजही आवाजावर चालतात. काका सुरतेहून फोन करतात, ‘अमुक पार्टीला पाच लाख पाठव’, आणि पुतण्या पाठवितो. हा विश्वास हेच आपले भांडवल आहे. तो सोडा, असे कोण म्हणेल? मात्र रक्कम पाठविण्यापूर्वी आलेला फोन ठेवून, आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः उलट फोन करावा, आणि काकांनी त्याचा राग मानू नये. उत्तरयंत्र ठेवायचेच असेल, तर दुकानाची वेळ, पत्ता, माल शिल्लक आहे की नाही, एवढेच त्याच्याकडे असू द्यावे. भाव, उधारीची मुदत, माल परत घेण्याची अट आणि कराचा दर या चार गोष्टी घरच्या माणसाने वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जाऊ नयेत. जुन्या मुनिमालाही आरंभी एवढीच मोकळीक असे.