ओट्यामागची भिंत

स्वयंपाकघराविषयी पुरुषाने लिहावे की नाही, ह्याबद्दल वाचकांत मतभेद असणे स्वाभाविक आहे. त्यातही ज्याने आयुष्याची छत्तीस वर्षे फळ्यापुढे काढली त्याने ओट्यामागच्या भिंतीविषयी लिहावे, हे कित्येक भगिनींस आगाऊपणाचे वाटेल. परंतु फळा आणि ही भिंत ह्यांत एक साम्य आहे. दोन्ही रोज भरतात व दोन्ही रोज पुसावी लागतात. फळा पुसण्यास मजपुढे चाळीस मुले होती. भिंत पुसण्यास घरात एकच माणूस असे.

निमित्त असे झाले. कर्जतच्या आमच्या घरचा ओटा यंदा नव्याने बांधावयाचा ठरला. कुटुंब एकत्र, आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका, पुतण्या, सूनबाई व नातवंडे मिळून रात्रीच्या पंक्तीस नऊ पाने. पुतण्या खालापूरकडे एका स्नेह्याच्या नव्या बंगल्यात जाऊन आला आणि तेथे शेगडीमागे लावलेली काळीभोर काच पाहून मोहित झाला. सूनबाईच्या मनात लहान लहान षट्कोनी रंगीत तुकड्यांची नक्षी. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, पडवीत शहाबादी उरली आहे तीच लावा, खर्च वाचेल. अखेर मी वडील म्हणून निवाडा मजकडे आला. पण ह्या एका विषयात निवाडा देण्याचा माझा अधिकार पूर्वीच गेलेला आहे. तो कसा गेला, हे सांगावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

आमच्या लहानपणी चूल जमिनीवर होती आणि तिच्यामागची भिंत कुडाची. सह्याद्रीच्या उतारावर कारवी मुबलक. तिच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपली की कुड तयार. माझी आई चुलीबरोबर ती भिंतही सारवून काढी. काजळी, तेलाचे शिंतोडे, उतू गेलेल्या डाळीचा फेस, सारे त्या नव्या सारवणाखाली नाहीसे होई. डाग पुसण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतच दर चार-आठ दिवसांनी नवी होत असे. ही सोय फुकट मिळत नव्हती, धुराने डोळे चुरचुरत. तर्कशास्त्रात धूर व अग्नी ह्यांचे साहचर्य शिकविताना दृष्टांत द्यावयाचा तो महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, अशी जुनी परंपरा आहे. त्या महानसात धूर गिळीत कोण बसले होते, हे मजला शिकविणाऱ्या शास्त्रीबोवांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

पुढे कुडाच्या जागी विटा आल्या व त्यांवर चुन्याची सफेती. ताज्या सफेतीवर हळदीचा शिंतोडा उडाला की तो पिवळा न राहता लालसर होतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. चुना क्षारधर्मी, आणि क्षाराच्या संगतीने हळद लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत ह्याच गुणावर चालते. मग गॅस आला. मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५५ साली तो विकण्यास आरंभ केला. आमच्या घरी सिलिंडर येण्यास १९८७ साल उजाडले. गॅसबरोबर ओटा आला, बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, आणि भिंत स्त्रियांच्या अगदी तोंडासमोर आली. फोडणी पूर्वी सारवणावर उडे ती आता कायमच्या भिंतीवर उडू लागली.

तिच्यावर उपाय लादीचा. जमिनीसाठी सिमेंटच्या नक्षीदार लाद्या मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून केल्या. जुन्या घरांत त्या अजून पायाखाली दिसतात. भिंतीच्या झिलईदार चिनी मातीच्या लाद्यांचे नाव आपल्याकडे पुष्कळ दिवस जॉन्सन कंपनीशी जोडलेले होते. ती १९५८ साली निघाली. ठाण्यास तिचा कारखाना झाला व आपल्या जिल्ह्यात पेण येथेही झाला. आता दुकानांतील बहुतेक माल गुजरातेतील मोरबीहून येतो. गवंडी ह्या भिंतीच्या लाद्यांस ‘डॅडो’ म्हणतात. तो शब्द आता आपल्या घरांतही रुळला आहे.

असो. १९९२ साली आम्ही पहिला ओटा पक्का बांधला, तेव्हा मजला पांढऱ्या संगमरवराचा मोह पडला. सौ. म्हणाली, “अहो, ह्यावर आमसुलाचे डाग राहतील. साधी लादी लावा.” मी हसून म्हणालो की, ताजमहाल ज्या दगडाचा बांधला त्यास तुझे आमसूल काय करणार! ताजमहालात कोणी सार करीत नाही, हे त्या वेळी सुचले नाही. ती पुढे काही बोलली नाही.

वर्षाच्या आत शेगडीमागचा भाग ठिपक्याठिपक्यांनी मंद झाला. संगमरवर हा चुनखडीचाच रूपांतर पावलेला दगड. आमसूल, चिंच, लिंबू, ताक, जे जे आंबट उडेल ते त्यास खाते, आणि तेथील तुकतुकी नाहीशी होते. ती झीज आहे, आणि झीज पुसून जात नाही. आम्ही तिला डाग समजलो. सौ.ने त्यावर लिंबाची साल घासली, म्हणजे झीज वाढविली. चूक दोघांचीही, घासावे मात्र तिला एकटीला लागले, आणि ते तिने तीस वर्षे केले.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात, अंगणातील शेवाळावरून घसरून तिचे उजवे मनगट मोडले. सूनबाई पहाटेच्या गाडीने मुंबईस जाते, धाकट्या भावजयीस गुडघेदुखी. तेव्हा रात्रीची झाकपाक मजकडे आली. पहिल्या आठवड्यातच पुष्कळ शिकलो. तेलाचा चिकटा भिंत कोमट आहे तोवर ओल्या फडक्याने निघतो. सकाळपर्यंत ठेवला तर सोडा लावून घासावा लागतो. भिंत आणि ओटा जेथे मिळतात त्या सांध्यात फडके जात नाही, तेथील मळ नखाने काढावा लागतो. सौ.च्या उजव्या तर्जनीचे नख नेहमी झिजलेले का असे, हे मजला लग्नानंतर सदतीस वर्षांनी समजले.

म्हणून यंदा निवाडा मी दिला नाही. तो तिजकडे सोपविला. ती म्हणाली, “मला एकटीला काय विचारता? पुढली तीस वर्षे पुसायची आहे ती सूनबाईला. तिला घेऊन जाऊ.” रविवारी आम्ही खोपोलीच्या रस्त्यावरील एका लादीच्या दुकानात गेलो. सौ.च्या पिशवीत तीन लहान डब्या होत्या: एकीत हळद घातलेले तेल, दुसरीत आमसुलाचे पाणी, तिसरीत घट्ट डाळ. दुकानदार आधी हसला. मग त्याने आपण होऊन आणखी चार तुकडे काढून दिले. सर्व नमुने घरी आणून, प्रत्येकावर तीन बोटे ओढून, रात्रभर तसेच ठेवले. सकाळी सूनबाईने साध्या ओल्या फडक्याने पुसून पाहिले. ही परीक्षा प्रत्येक घराने करावी. तिला पैसा लागत नाही.

शहाबादी पहिल्याच फेरीत बाद झाली. तिने तेल पिऊन घेतले व काळा वेटोळा दाखविला. शिवाय शहाबादी आणि कडाप्पा दोन्ही चुनखडीच्याच जातीचे, आंबटाचे भय त्यांसही आहे. खरखरीत, निस्तेज पृष्ठाची एक फॅशनेबल लादी होती. तिच्या खाचांत हळद बसली ती निघेना. काळा ग्रॅनाइट उत्तम पुसला गेला. तो सिलिकायुक्त कठीण दगड, लिंबास दाद देत नाही. पण आमच्या स्वयंपाकघरास खिडकी एकच, आणि पावसाळ्यातील दुपारी येथे दिवा लावावा लागतो. समोर काळी भिंत उभी करून डाळीतला खडा कसा दिसावा? पत्र्याचाही एक तुकडा होता, तो हॉटेलांत शोभतो. चिकटवावयाचे प्लास्टिकचे नक्षीदार कागद दुकानदार दाखवू लागला, तेव्हा मात्र मी मध्ये बोललो. ज्वाळेजवळ ती वस्तू नको.

काचेविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सध्या तिचा फार बोलबाला आहे. ती पुसण्यास सर्वांत सोपी, एकाही सांध्यावाचून सलग बसते. परंतु शेगडीमागे साधी काच उष्णतेने तडकते. तेथे टफन्ड, म्हणजे तापवून एकदम थंड करून कणखर केलेली, काच लागते. अशी काच एकदा तयार झाली की ती कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही. विजेची बटणे, नळ, गॅसची नळी ह्यांची मापे आधी अचूक द्यावी लागतात, आणि पुढे बटण हलवावयाचे ठरले तर सारी काच बदलावी लागते. काळ्या काचेवर पाण्याचा थेंबन्‌थेंब वाळून पांढरा दिसतो, हे पुतण्याने नमुन्यावर स्वतः पाहिले. तरीही हट्ट सुटण्यास त्यास दोन दिवस लागले.

सूनबाईच्या षट्कोनी तुकड्यांची गोष्ट निराळी. तुकडे स्वच्छ निघाले, पण त्यांमधले सांधे पिवळे राहिले. डॅडोचे खरे वैगुण्य सांध्यात असते. सिमेंटचा सांधा सच्छिद्र, तेल व हळद शोषून घेतो. इपॉक्सीचा सांधा महाग पण शोषत नाही. जितकी लादी लहान तितके सांधे अधिक. सूनबाई उगीच राहिली. तेव्हा सौ.नेच तोड काढली: ती नक्षी पिण्याच्या पाण्याच्या माठामागे लावावी, तेथे तेल पोचत नाही आणि दारातून येणाऱ्यास ती समोर दिसते. माझ्या बुद्धीस हे सुचले नसते.

शेगडीमागे ठरली ती साधी, तुकतुकीत, मलईच्या रंगाची लादी. एक फूट रुंद, दोन फूट उंच. ओटा आणि वरचे कपाट ह्यांमध्ये आमच्याकडे दोन फुटांचेच अंतर आहे, त्यामुळे लादी उभी लावली की आडवा सांधा एकही येत नाही. उभे सांधे इपॉक्सीचे. दुकानदार व्हिट्रिफाइड घ्या म्हणून आग्रह करीत होता. ती अर्धा टक्काही पाणी शोषत नाही हे खरे, आणि जमिनीस ती योग्यच. परंतु त्याच गुणामुळे साधे सिमेंट तिला नीट धरीत नाही, निराळा चिकट मसाला लागतो. भिंतीची साधी लादी मागल्या अंगास दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते, म्हणून भिजवून लावली की सिमेंटात घट्ट बसते, आणि पुढच्या अंगास तिची झिलई तिला राखते. भिंतीवर चालण्याचा प्रसंग येत नाही. तेथे एवढे पुरते.

हे सारे ठरले आणि घोडे अडले ते भिंतीपाशीच. गणपतीनंतर जुना संगमरवर उतरविला, तर मागचा गिलावा हाताने निघून आला. विटांवर लोण्याची पांढरी बुरशी. आमच्या ह्या भागात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि ती भिंत नैऋत्येच्या माऱ्यास उघडी. आतून कितीही सुंदर लादी लावली तरी बाहेरून पाणी येत असेल तर ती पोकळ वाजू लागते व एके दिवशी सुटते. शेजारच्या आळीत गतवर्षी पोळ्या लाटता लाटता चार लाद्या परातीत पडल्या. दैवयोगाने कोणास लागले नाही. तेव्हा आधी बाहेरचा गिलावा दुरुस्त केला, वर पत्र्याची झड बसविली, आणि आतली भिंत उघडी वाळत ठेविली. घरातील मंडळी कंटाळली आहेत. स्वयंपाक सध्या माजघरात चालतो, आणि दिवाळीच्या फराळापूर्वी ओटा हवा असा सर्वांचा तगादा आहे.

ओट्याची उंची विचारण्यास गवंडी आला, तेव्हा सौ.ने सूनबाईस भिंतीशी उभे केले आणि तिच्या कोपराखाली चार बोटे सोडून कोळशाने रेघ ओढली. ती रेघ सौ.स थोडी उंच पडते. मी तसे म्हणताच ती म्हणाली, “मी पाटावर उभी राहीन हो.” सहा लाद्या जादा घेऊन, पेटीवरचा छटेचा क्रमांक टिपून, माळ्यावर ठेविल्या आहेत, तीच छटा पुढे मिळेलच असे नाही.

भिंत वाळली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी घट्ट चिकटवावा व दुसऱ्या दिवशी काढून पाहावा. परवा मी तो काढला. आतल्या अंगास दव होते. गवंड्यास आणखी आठ दिवसांनी येण्यास सांगितले आहे.