श्रमदान फुकट नसते



'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपण गावोगाव दिली. मग आपल्याच शिवारात माती-पाणी अडवायची वेळ आली की घामाचे दाम कसे विसरतो?

उन्हाळा लागला की गावातली चार पोरे कुदळ-फावडे घेऊन निघतात. टेकडीवर सलग समतल चर खोदतात, नाल्यात दगडी बांध घालतात. पहिल्या वर्षी सारे गाव येते, दुसऱ्या वर्षी निम्मे. तिसऱ्या वर्षी ती चार पोरेच उरतात आणि चौथ्या वर्षी त्यांच्या घरचे विचारतात, 'आपल्या वावराचे काय?' मंडळ बसते. लोक म्हणतात, उत्साह संपला. मी म्हणतो, हिशेब चुकला.

टेकडीवर मुरलेले पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना येते. लाभ कोणाला? ज्याचे नाल्याकाठी ओलिताचे वावर आहे, ज्याचा संत्र्याचा बगीचा आहे, त्याला. घाम कोणाचा? त्यात भूमिहीन मजूर असतो, दोन एकर कोरडवाहूवाला असतो, घरचे पाणी भरून आलेल्या बाया असतात. मजुराचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची रोजी. ती 'दान' घेऊन दुसऱ्याची विहीर भरणार असेल, तर तो दोनदा येईल. तिसऱ्यांदा त्याने का यावे?

विलासराव साळुंखे यांनी हे फार पूर्वी ओळखले. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७४ साली पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी काम सुरू केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम रोखठोक होते. पाण्याची वाटणी जमिनीवर नाही, माणसांवर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लाभधारकांनीच उचलायचा.

आपल्या विदर्भात गडचिरोलीतले मेंढा (लेखा) पाहा. गावाने वर्षानुवर्षे जंगल राखले, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तोडणाऱ्याला मजुरी, उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात. राखणाऱ्याला राखणीतून मिळाले, म्हणून राखण टिकली.

उलटे उदाहरणही जवळचेच आहे. नागपूरच्या पूर्व भागापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत पसरलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळ कोणी बुजवायची, गाळ कोणी काढायचा, याला धनी उरला नाही. पाणी सगळ्यांना हवे होते, दुरुस्ती मात्र कोणाचीच नव्हती. अनेक तलाव गाळाने भरले.

२०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली. पहिल्याच वर्षी वरूड तालुका त्यात होता. २०१७ साली आर्वी तालुक्यातले काकडदरा राज्यात पहिले आले. मनावर घेतले तर गाव ४५ दिवसांत काय करू शकते, हे साऱ्यांनी पाहिले. पण ४६ व्या दिवसाचे काय? त्याचे उत्तर बाहेरचा कोणी देणार नाही. सरकार असो की कंपनी, नव्या कामाला पैसा मिळतो, कारण त्यावर पाटी लावता येते. दुरुस्तीवर पाटी कोण लावणार?

म्हणून माझे म्हणणे एकच: ज्याला लाभ, त्याची वर्गणी, ज्याचा घाम, त्याचा वाटा. समजा, कामामुळे गावात १५० एकर ओलित वाढले. पीक निघाल्यावर एकरी २०० रुपये घेतले, तर वर्षाला ३०,००० रुपये होतात. त्यातून मजुरांना रोजी देऊन पावसाळ्याआधी बांधांची डागडुजी होते आणि हिशेब लिहिणाऱ्याला थोडे मानधनही देता येते. भूमिहीनाला टेकडीवरच्या गवताचा नाहीतर तळ्यातल्या मासोळीचा हक्क द्या. खाते बँकेत, सह्या दोघांच्या, त्यातली एक बाईची. हिशेब वर्षातून दोनदा चावडीवर वाचायचा.

कोणी म्हणेल, मालाला भाव नाही, शेतकरी वर्गणी कुठून देणार? प्रश्न खरा आहे, आणि भावाची लढाई सोडायची नाहीच. पण काटोल-नरखेडच्या संत्रावाल्याला विचारा, एका कोरड्या बोअरला किती पैसा बुडतो. त्यापुढे ही वर्गणी किती? ज्याचे ओलित वाढले नाही, त्याच्याकडून एक पैसाही घेऊ नका.

दुसरे कोणी म्हणेल, पैसा आला की भांडणे येतात. भागवत सप्ताहाला पट्टी गोळा होते, पोळ्याला होते. तिथे हिशेब चोख ठेवता येतो, मग इथेच का नाही?

शेजारचे गाव बोलावील तेव्हा जरूर जा. पण आधी आपल्या बांधांनी तीन पावसाळे काढू द्या. दहा गावांत फुटके बांध असण्यापेक्षा एका नाल्यावरचे धड बांध बरे. ते पाहूनच पुढचे गाव शिकते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक कागद आणावा. आपल्या गावात आजवर किती बांध घातले, आज धड किती आहेत आणि फुटलेले कोण दुरुस्त करणार, एवढेच त्यावर लिहावे. तिसऱ्या रकान्यात नाव लिहिता आले नाही, तर यंदा नवा बांध घालू नका. आधी ते नाव ठरवा.