फसवे हंस आणि खरे शिकारी

आमच्या थेरगावात हंस येत नाहीत. केजूबाईच्या बंधाऱ्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, बगळे असतात, नशीब असेल तर हळदी-कुंकू बदकांची एखादी जोडी दिसते, बाकी जलपर्णी. तेव्हा थेरगावच्या माणसाने हंसांच्या शिकारीवर लेख लिहावा हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण आमच्या पवनेचे पाणी दापोडीजवळ मुळेला मिळते, पुढे पुण्यात मुठा येऊन मिळते, मुळा-मुठा भीमेत जाते आणि भीमा उजनीच्या जलाशयात. त्या जलाशयावर भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. म्हणजे आमच्या दारावरून गेलेले पाणीच ते बिचारे पितात. एवढे नाते मला पुरेसे आहे.

पट्टकादंब ओळखायला सोपा. राखी अंग, पांढरे डोके आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. वीण तिबेट, मंगोलिया आणि चीनमधील छिंगहाय सरोवराकडे, हिवाळा आपल्याकडे. मध्ये हिमालय. शास्त्रज्ञांनी ह्या हंसांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवून मोजमाप केले, तेव्हा एक हंस ७,२९० मीटर उंचीवरून गेल्याची नोंद मिळाली. असा पक्षी आपल्याकडे आल्यावर मात्र दिवसभर पाण्यालगतच्या मोकळ्या जागेत, चहूबाजूंचे दिसेल अशा ठिकाणी बसून राहतो आणि अंधार पडल्यावर हरभऱ्याच्या नाहीतर गव्हाच्या शेतात चरायला जातो. माणूस किती पावलांवर आला की उठायचे, ह्याचा त्याचा हिशेब पक्का असतो.

हा हिशेब त्याला कुणी शिकवला? माझ्या मते शिकाऱ्यांनी. आणि शिकाऱ्यांना हंस म्हणजे काय ते शिकवले हंसांनी. ह्या दुहेरी शाळेविषयीच मला लिहायचे आहे.

सावध पक्ष्याला जवळ आणण्याचा एक फार जुना उपाय म्हणजे फसवा पक्षी, ज्याला इंग्रजीत डिकॉय म्हणतात. खोटा हंस करून शेतात मांडायचा; वरून जाणाऱ्या खऱ्या हंसांना वाटते, खाली आपलेच भाऊबंद निवांत चरताहेत, मग ते उतरतात. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची अशी अकरा बदके सापडली. ती सुमारे २,००० वर्षांपूर्वीची आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी ती इतकी हुबेहूब केली आहेत, की आजही ती पाण्यावर सोडली तर माणूससुद्धा फसावा.

अमेरिकेत कॅनडा हंसांची शिकार परवाना काढून आजही चालते. हंगाम सुरू होतो तेव्हा काम सोपे असते. थव्यात त्याच वर्षी जन्मलेली पिले असतात, त्यांनी बंदूक पाहिलेली नसते. खोट्या हंसांची रांग दिसली की ती उतरतात आणि मरतात. पण जानेवारी उजाडेपर्यंत जे हंस उरलेले असतात, ते उरले ह्याचाच अर्थ त्यांनी काहीतरी शिकलेले असते. हंसांचे कुटुंब पहिला सबंध हिवाळा एकत्र राहते. आईबापांनी ज्या शेताकडे पाठ फिरवली त्या शेताकडे पोरेही जात नाहीत. असा थवा खोट्या हंसांवरून एक घेर घेतो, दुसरा घेतो, आणि नेमका बंदुकीच्या टप्प्याबाहेर जाऊन उतरतो.

मग शिकाऱ्याला विचार करावा लागतो. खोटे हंस हलत नाहीत, हे पहिले दुखणे. उन्हात त्यांचा रंग चमकतो. खऱ्या पिसाला तशी चमक नसते. सगळ्यांच्या माना वर असतील तर वरच्या थव्याला ती धोक्याची खूण वाटते, कारण खऱ्या थव्यात एखाद-दुसराच पहाऱ्याला उभा असतो आणि बाकीचे खाली मान घालून चरत असतात. थंडी कडक असेल तर निम्मे तर बसूनच असतात. हंस वाऱ्याच्या तोंडावर उतरतो, तेव्हा त्याच्या उतरण्याची जागा मोकळी सोडावी लागते. काल जिथे मांडले तिथेच आज मांडले की संपले. शिट्टीने हंसांचा आवाज काढायचा तोही कमी करावा लागतो, कारण तो आवाज त्यांनी चार महिने ऐकलेला असतो. आणि शिकारी स्वतः? त्याने पेंढ्यात उताणे पडून राहायचे, हलायचे नाही आणि वर बघायचे नाही, कारण वर केलेला माणसाचा चेहरा त्या काडीकचऱ्यात लख्ख दिसतो. थोडक्यात, हंगामाच्या शेवटी हंस मारायचा तर आधी हंसासारखा विचार करावा लागतो. त्या शिकाऱ्याइतका बारकाईने हंस पाहिलेला माणूस आमच्या छायाचित्र काढणाऱ्यांत मला अजून भेटायचा आहे. भिगवणला आम्ही गेलो होतो तेव्हा नावेतल्या हौशी मंडळींनी इंजिन सुरू ठेवायला लावून नाव थेट थव्यात घातली. हंस उठले, सर्वांना उडतीचे फोटो मिळाले. शिकाऱ्याने हे केले असते तर त्याला उपाशी झोपावे लागले असते.

कुणी असा समज करून घेऊ नये की मी शिकारीची तरफदारी करतो आहे. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही बंद झाली, आणि ते योग्यच झाले. माझा प्रश्न वेगळा आहे. शिकार गेली, शिकारीबरोबर जमलेले ज्ञान कुणाच्या नावावर जमा झाले?

साहेबांच्या नावावर तर झालेच. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा हात होता त्याच ह्यूमसाहेबांनी मार्शल यांच्याबरोबर भारतातील शिकारीच्या पक्ष्यांवर १८७९ ते १८८१ ह्या काळात तीन खंड लिहिले. स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरचा ग्रंथ १९०८ साली निघाला. हे ग्रंथ थोर आहेत, ह्यात शंका नाही. परंतु साहेबाला रान दाखवणारा, पक्षी कुठे उतरतो ते सांगणारा देशी माणूस त्यांत फारसा नावानिशी येत नाही. आणि त्याच काळात, १८७१ साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे फासेपारध्यांवरही हाच शिक्का बसला. ज्यांच्या जमातीच्या नावातच फास आहे, तेच गुन्हेगार ठरले.

फासेपारध्याची फसवणुकीची विद्या साहेबाच्या विद्येहून काही कमी नव्हती. तो पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात नेतो. पिंजऱ्याभोवती फाशांची ओळ मांडतो. पाळीव तितर ओरडला की रानातल्या तितराला वाटते, आपल्या हद्दीत परका शिरला. तो भांडायला धावून येतो आणि पाय फाशात. हंस सोबतीच्या ओढीने फसतो, तितर रागाने फसतो. कोणता पक्षी कशाने येईल हे ओळखणे ही केवढी निरीक्षणाची गोष्ट आहे! माझे आजोबा सांगत, नदीकाठची पिके निघाली की एक पारधी आमच्या रानात यायचा, दुपारभर एका बांधाला बसून नुसता ऐकायचा, आणि मग बरोबर तिथेच फास लावायचा. आता तिथे इमारती आहेत.

मॅसॅच्युसेट्समधील एल्मर क्रॉवेल नावाच्या कारागिराने कोरलेले लाकडी फसवे पक्षी २००७ साली विकले गेले. त्यांतल्या झोपलेल्या कॅनडा हंसाला अकरा लाख डॉलरच्या वर किंमत आली. तिथे फसवा पक्षी कला म्हणून काचेच्या कपाटात गेला. आमच्या पारध्याचा पिंजरा आणि फास मात्र पोलिसांच्या पंचनाम्यात गेले. १९५२ साली तो जुना कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय पुन्हा त्याच पालांपाशी जाऊन थांबू लागला.

ह्यावर कुणी म्हणेल, मग काय करावे, पारध्यांना पुन्हा फास लावू द्यावेत? मुळीच नाही. ह्याचे उत्तर भरतपूरला मिळते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. त्याच पाण्यावर पुढे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी घालून त्यांचे मार्ग शोधण्याचे काम केले. आता सावध पक्षी जिवंत आणि न दुखावता धरणार कोण? पदवीधरांना ते जमेना. तेव्हा बिहारमधील पक्षी धरणाऱ्या मीरशिकार जमातीचे अली हुसेन उपयोगी पडले. त्यांची जाळी तीच, हात तोच. पकडलेला पक्षी बाजारात न जाता पायात कडे घेऊन आकाशात गेला. सलीम अलींसारख्या माणसाला ह्या विद्येची किंमत कळली, ह्याचे मला नवल वाटत नाही, कारण त्यांची स्वतःची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीपासूनच झाली होती.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. आम्हाला पक्ष्यांच्या पायात कडी घालता येणार नाहीत. पण शब्द गोळा करता येतील की नाही? पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे. फासाच्या प्रत्येक प्रकाराला, तितराच्या प्रत्येक ओरडण्याला त्या बोलीत काय म्हणतात, हे मराठीच्या किती विद्यार्थ्यांनी लिहून घेतले आहे? आम्ही ग्रामीण साहित्यावर निबंध लिहितो, लोकसाहित्यात जात्यावरच्या ओव्या शिकतो, आणि चाकण रस्त्यालगतच्या पालात बसलेल्या म्हाताऱ्याला विचारायला जात नाही. त्याच्या नातवाला तर तितराचा आवाजही काढता येत नसेल. त्याला शाळेत दाखला मिळवतानाच नाकी नऊ येतात.

माझी सूचना अगदी साधी आहे. पुढच्या वर्षी विभागाने प्रकल्प द्यायचे तेव्हा त्यांतला एक ह्या विषयावर द्यावा. वही आणि ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरे आहे. जाताना कागदावर सही घेण्याचा आग्रह धरू नये, कारण ह्या लोकांना सहीचे कागद म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. पहिल्या दिवशी कुणी काही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसते जाऊन बसावे.